१९४४ची मुंबई, १६६ नोंदींत: एका कालपटाची तपासणी

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतल्या गिरणगावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची स्थापना १९४४ची. ऐंशी वर्षे पूर्ण होताना कार्यकारिणीने ठरवले की, नेहमीची स्मरणिका नको. अध्यक्षांचे मनोगत, मान्यवरांचे संदेश आणि जाहिराती यापलीकडे तीत काही नसते. त्याऐवजी वाचनालय जन्मले त्या एका वर्षाचा कालपट काढावा: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९४४, मुंबईत दिवसागणिक काय घडले ते. मधला रुंद स्तंभ मुंबईचा, आणि कडेला एक अरुंद स्तंभ 'बाहेर काय चालले होते' याचा.

काम चौघांकडे आले. वाचनालयाच्या ग्रंथपाल, इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद आणि एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी. हाताशी आठ महिने होते आणि प्रकाशन दसऱ्याला. पहिल्या तीन महिन्यांत २४० नोंदी जमल्या. जुनी वृत्तपत्रे, चरित्रे, संस्थांची इतिवृत्ते, दिनविशेषांची पुस्तके, सभासदांच्या आठवणी आणि इंटरनेट, जिथून जे मिळाले ते एका गूगल शीटमध्ये उतरवले गेले. शीटला तीनच रकाने होते: तारीख, घटना, साधन. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या तीन रकान्यांत होते.

अडचण

पहिल्या फॉर्म्याची, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांची, अक्षरजुळणी झाली, तपासायची मुद्रिते हातात आली आणि विद्यार्थिनीला मेच्या पानावर एक नोंद दिसली: '२२ मे: मुंबई गोदीत पुन्हा भीषण स्फोट'. एप्रिलच्या पानावर १४ तारखेचा गोदीतला स्फोट होताच. "सर, मेमध्ये दुसरा स्फोट झाला होता?" या तिच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते.

मेमध्ये स्फोट झालाच नव्हता. 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत जळाले आणि फुटले ते १४ एप्रिल १९४४ला, शुक्रवारी दुपारी. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. पण युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे वार्ताहरांना तपशीलवार बातम्या बाहेर पाठवण्याची परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच ही बातमी दिली होती. परदेशी नियतकालिकांत ती मेच्या उत्तरार्धात छापली गेली. तसल्याच एका अंकावरची तारीख कोणीतरी घटनेची तारीख म्हणून उतरवली, आणि 'दुसरा स्फोट' हे शब्द कुठेतरी वाचलेले असल्याने त्याला 'पुन्हा' चिकटले. भुताची घटना जन्माला येते ती अशी: दोन खऱ्या तुकड्यांना सांधणारा एक खोटा शब्द.

चूक एवढीच असती तर खोडून मोकळे होता आले असते. पण ही नोंद ज्या पद्धतीने आत शिरली, त्याच पद्धतीने बाकीच्या २३९ आल्या होत्या. शीटमधली तारीख मूळ कागदावर होती तशी आहे, की कोणी हिशेब करून काढली आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

पर्याय

बैठकीत चार पर्याय मांडले गेले. पहिला, 'उपलब्ध माहितीनुसार' अशी ओळ घालून आहे तसे छापणे. छपाईचे पैसे अंशतः दिले गेले होते, म्हणून याला पाठिंबाही होता. दुसरा, दिवस गाळून फक्त महिना देणे. तिसरा, प्रत्येक नोंद मुळापासून तपासणे. चौथा, ज्यांना दोन साधनांचा आधार आहे त्या ठेवून बाकीच्या गाळणे.

पहिला पर्याय ग्रंथपालांनी हाणून पाडला. वाचनालयाच्या शिक्क्याने छापलेली तारीख उद्या दुसरा कोणी साधन म्हणून वापरणार, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. महिना देण्याच्या पर्यायाने भुताचा स्फोट गेला नसता, तो 'मे' म्हणून राहिलाच असता. शेवटी चौथा पर्याय निवडला गेला, कारण वेळ कमी होता. तो अपुरा आहे हे पुढे महिनाभरात कळले.

पहिली चाळणी आणि तिचे अपयश

नोंदींना तीन रंग दिले. दोन साधने असतील तर हिरवा, एकच असेल तर पिवळा, साधनच नसेल किंवा ऐकीव असेल तर लाल. हिशेब असा निघाला: हिरव्या ९६, पिवळ्या १०१, लाल ४३. हिरव्या तशाच छापायच्या आणि पिवळ्यांवर मेहनत घ्यायची, असे ठरत होते.

बँकेतल्या काकांनी इथे हिशेबतपासनिसाची सवय कामी आणली. हिरव्यांतल्या कोणत्याही वीस काढा आणि मूळ कागद दाखवा, असा त्यांचा आग्रह. वीसपैकी तीन चुकीच्या निघाल्या. तिन्ही ठिकाणी 'दोन साधने' म्हणजे एकाच दिनविशेषावरून उतरवलेली दोन पुस्तके होती. एकीत तर छपाईची चूकही तशीच्या तशी उतरली होती. समान चूक हा नकलेचा सर्वांत खात्रीचा पुरावा असतो.

प्रकरणातला हा सर्वांत महाग निर्णय. सर्व ९६ हिरव्या नोंदी पुन्हा पिवळ्या केल्या गेल्या. त्यात तीन आठवडे गेले आणि सात नोंदी गळाल्या. पण नियम बदलला: साधने किती हे मोजायचे नाही, साधन कोणत्या दिवशी आणि कोणी लिहिले ते विचारायचे. घटनेच्या आठवड्यात लिहिलेला एक कागद, ऐंशी वर्षांनंतरच्या पाच पुस्तकांपेक्षा जड.

नवे रकाने

शीट मोडून नव्याने बांधली. रकाने असे: मूळ मजकूर जसाच्या तसा, मूळ कागदावरची तारीख, ज्या कालगणनेत असेल तीत, साधन, पान आणि स्तंभ, साधन कधीचे, रूपांतर कसे केले, इंग्रजी तारीख, वार, कोणी तपासले, शंका. 'मूळ मजकूर' आणि 'मूळ तारीख' हे दोन रकाने कुलूपबंद ठेवले. एकदा भरल्यावर दुरुस्ती तिथे करायची नाही, पुढच्या रकान्यात करायची.

वाराचा रकाना सूत्राने भरला जाईल अशी सोय केली. वार हा फुकटचा साक्षीदार आहे. १९४४ हे लीप वर्ष, १ जानेवारीला शनिवार. त्याचे कॅलेंडर २००० सालच्या कॅलेंडरशी हुबेहूब जुळते, त्यामुळे मोबाईलवर २००० साल उघडले तरी चालते. बातमीत 'रविवारी' असेल आणि काढलेली तारीख मंगळवारी पडत असेल, तर दोन्हींपैकी एक चूक आहे. या एका तपासणीत अकरा नोंदी अडकल्या.

कालगणनेचे सापळे

संस्थांच्या इतिवृत्तांत तिथी आणि शके असतात, आणि इथे ७८ मिळवण्याची सवय घात करते. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत. १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. एका भजनी मंडळाच्या इतिवृत्तातली 'माघ वद्य, शके १८६६' अशी नोंद १९४४च्या फेब्रुवारीत टाकली गेली होती, ती प्रत्यक्षात १९४५ची. १९४४च्या माघाचा शक १८६५. गणित पडताळायला सरांनी एक खुंटी ठोकून दिली: कस्तुरबा गांधींचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत झाले. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य, म्हणजे तेव्हा शके १८६५च चालू हवा. कोणतेही सूत्र वापरा, ते या तारखेवर बसले पाहिजे. शिवाय हिंदी पुस्तकांत हाच दिवस फाल्गुन कृष्ण पक्षात पडतो, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. हिंदीतून आलेली वद्य पक्षातली प्रत्येक तिथी त्यामुळे वेगळ्या शाईने लिहिली गेली.

मुंबईत तिसरे गणितही असते. गुजराती पेढ्यांच्या चोपड्यांतला विक्रम संवत दिवाळीला बदलतो. १ जानेवारी ते दिवाळी १९४४ हा काळ त्यांच्या संवत २०००चा. उत्तरेकडच्या पंचांगात मात्र चैत्रातच २००१ लागतो. चैत्र ते दिवाळी या काळात दोघांत एका वर्षाचा फरक राहतो, आणि चोपडी कोणाची हे कळल्याशिवाय तो सुटत नाही.

घड्याळाचा प्रश्न

स्फोटाची वेळ छापायची तर कोणत्या घड्याळाची? १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळे युद्धासाठी तासभर पुढे केलेली होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. त्यात मुंबईची स्वतःची 'मुंबई टाइम' होती. ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चाले आणि १९५५पर्यंत शहरातून पुरती हटली नव्हती. एका सभासदाने इंग्लंडमधल्या कागदावरून ग्रीनिच वेळ घेतली, तीत आजच्या सवयीने साडेपाच तास मिळवले आणि स्फोट तीन वाजून सहा मिनिटांनी आणून ठेवला.

दोन मते पडली. सर म्हणत होते, वाचकाला आजच्या प्रमाणवेळेत सांगावे. ग्रंथपालांचे म्हणणे, कागदावरचे घड्याळ कोणते हे ज्या नोंदीत लिहिलेले नाही, तिथे रूपांतर म्हणजे अंदाज. निर्णय असा झाला: वेळ मूळ साधनात आहे तशीच, 'तत्कालीन घड्याळाप्रमाणे' असे शब्द जोडून. प्रस्तावनेत युद्धकाळातल्या घड्याळाबद्दल एक परिच्छेद. रूपांतर कुठेही नाही. हाच निर्णय कमी कष्टाचा होता आणि तोच बरोबरही होता. असा योग क्वचित येतो.

वृत्तपत्र वाचताना

वृत्तपत्राच्या तारखेतून एक दिवस वजा करणे हा पहिल्या शीटचा अलिखित नियम होता. तो निम्म्या वेळा चालतो. 'पुणे, ता. १२' ही बातमी पाठवल्याची तारीख असते, घटनेची नव्हे. 'ता. ८ रोजी' मध्ये महिना नसतो आणि अंक महिन्याच्या सुरुवातीचा असेल तर ८ मागच्या महिन्यातली. 'केसरी' त्या काळी दैनिक नव्हता, त्यामुळे 'काल' हा शब्द तिथे नसला तर बातमी किती दिवस शिळी आहे ते दुसरीकडून काढावे लागते. युद्धकाळातल्या कागदटंचाईने अंकांची पाने कमी झाली होती, म्हणून एखादी सभा छापून आली नाही याचा अर्थ ती झाली नाही असा नव्हे.

ठरलेले आणि घडलेले यांतही घोटाळा होता. गांधी-जिना भेट ऑगस्टच्या पानावर होती, कारण साधन म्हणजे भेटीची घोषणा. जिनांच्या आजारपणामुळे ती पुढे गेली. बोलणी झाली ती ९ ते २७ सप्टेंबर, जिनांच्या माउंट प्लेझंट रोडवरच्या घरी. नव्या शीटमध्ये 'होणार आहे' अशा प्रत्येक बातमीला 'झाले' अशी जोडीदार बातमी शोधणे सक्तीचे केले. सापडली नाही तर नोंद बाद.

कात्रणांच्या वहीतली एक नोंद 'लोकसत्ता, १९४४' म्हणून आली होती. 'लोकसत्ता' सुरू झाला जानेवारी १९४८मध्ये. कात्रण बहुधा नंतरच्या एखाद्या आठवणीवजा लेखाचे असावे. लगोलग एक छोटी यादी भिंतीवर लागली: कोण, काय, कधीपासून. 'नवाकाळ' १९२३, चालेल. 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२, चालणार नाही. हुतात्मा चौक नाही, फ्लोरा फाउंटन. महाराष्ट्र राज्य नाही, मुंबई प्रांत. आणि मुख्यमंत्री कोणीही नाही! बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९च्या अखेरीस राजीनामा दिल्यानंतर १९४६पर्यंत प्रांतात गव्हर्नरांची राजवट होती, आणि १९४४ला गव्हर्नर होते सर जॉन कॉल्व्हिल. खेरांच्या हस्ते झालेली म्हणून नोंदवलेली दोन उद्घाटने या यादीने पकडली.

हद्दीचा वाद

मेमध्ये सुटका झाल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला आले. ही नोंद 'मुंबई'ची की 'बाहेर'ची? बृहन्मुंबईच्या हद्दीत उपनगरे आली ती १९५० आणि १९५७मध्ये. १९४४ला जुहू महापालिकेच्या हद्दीबाहेर. काटेकोरपणे पाहता ती कडेच्या स्तंभात जायला हवी होती. पण गिरणगावातला वाचक जुहूला मुंबईबाहेर का टाकले म्हणून विचारणार, हे उघड होते. आजच्या बृहन्मुंबईची हद्द धरायची आणि तसे प्रस्तावनेत लिहायचे, असे ठरले. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारीला नाशिकला वारले, ते कडेला. राजीव गांधींचा जन्म २० ऑगस्टचा, रविवारचा, मुंबईतला, तो मध्ये. १४ एप्रिलच्या ओळीत कडेला आझाद हिंद सेनेने मणिपूरमधल्या मोइरांगला फडकवलेला तिरंगा आणि मध्ये व्हिक्टोरिया गोदीचा स्फोट असे शेजारी आले. कालपटाचा आकार इथे सार्थकी लागला.

बॉम्बे प्लॅन, म्हणजे उद्योगपतींनी मांडलेला देशाच्या आर्थिक विकासाचा आराखडा, यावर फार वेळ गेला नाही. पहिला भाग जानेवारी १९४४चा, आणि १९४५ हे साल नंतरच्या एकत्रित आवृत्तीचे, एवढे कळल्यावर नोंद जागेवर आली.

मृतांचा आकडा

स्फोटात किती माणसे गेली? साधनांत सुमारे ८०० ते १,३०० असे आकडे येतात. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा आकडा पक्का आहे. त्यांचे स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे आणि देशभरचा अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो. पहिल्या मसुद्यात '१,३०० ठार' असे ठाम वाक्य होते, कारण मोठा आकडा नजरेत भरतो. सरासरी काढून एकच आकडा द्यावा अशीही सूचना आली. ती सर्वांत घातक, कारण असा आकडा कोणत्याच कागदावर नसतो. शेवटी दोन्ही टोके छापली, आणि ६६चा आकडा वेगळ्या वाक्यात.

सोन्याच्या विटांच्या गोष्टी मांडवी, डोंगरी, मशीद बंदर भागात पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जातात. तीन ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या घरच्या सांगितल्या. तिघांच्या तारखा वेगवेगळ्या. त्या तारखा घेतल्या नाहीत, पण खिडक्यांची तावदाने कशी फुटली, कोणाकडे आसरा घेतला, हे चौकटीत, सांगणाऱ्याचे वय देऊन छापले. आठवण ही तारखेची साक्षीदार कच्ची, पण घरातल्या तपशिलाची पक्की.

परिणाम

१०१ मूळ पिवळ्या नोंदींपैकी ६८ टिकल्या, ४३ लालपैकी ९. हिरव्यांतल्या ८९. एकूण १६६, बाद ७४. पुस्तिका ९६ पानांची योजली होती, ती पाच फॉर्म्यांची म्हणजे ८० पानांची झाली. पहिल्या फॉर्म्याची जुळणी मोडावी लागली, तो खर्च कार्यकारिणीतल्या दोघांनी स्वतःच्या खिशातून भरला. दसऱ्याऐवजी प्रकाशन कार्तिक पौर्णिमेला झाले.

प्रकाशनानंतर दोन चुका वाचकांनी कळवल्या. एका नोंदीत वार चुकला होता: तो सूत्राने न भरता मुद्रितशोधनाच्या रात्री कोणीतरी हाताने टाकला होता. दुसऱ्या नोंदीत एका नाट्यगृहाचे नंतरचे नाव राहून गेले होते. शुद्धिपत्राची चिठ्ठी उरलेल्या प्रतींत चिकटवली.

वेगळे काय करता आले असते

मूळ मजकूर आणि मूळ तारीख हे दोन रकाने पहिल्या दिवशी असते, तर दीड महिना वाचला असता. तपासणीचा बराच वेळ चूक शोधण्यात गेला नाही, आपणच लिहिलेली तारीख आपल्याला कुठून मिळाली ते आठवण्यात गेला.

वीस नोंदींचा नमुना तपासण्याचे काम पन्नास नोंदी जमल्या तेव्हाच करता आले असते. अक्षरजुळणी सुरू करण्याची घाई चूक होती: 'छापायला गेले' असे म्हटले की बदल करायला माणूस कचरतो, आणि मेच्या पानावरचे भूत त्या संकोचाचा फायदा घेऊन आणखी एक आठवडा जगले. ज्येष्ठांच्या भेटी शेवटच्या महिन्यात घेतल्या गेल्या. त्या आधी घेतल्या असत्या, तर कोणत्या तारखांचे अंक आधी पाहायचे ते ठरवता आले असते.

एक प्रश्न चौघांत अजून मिटलेला नाही. समकालीन एकच कागद असलेल्या काही पिवळ्या नोंदी गाळल्या गेल्या, कारण कागद कोणी लिहिला हे ठरत नव्हते. सरांच्या मते त्या शंकाचिन्हासह छापायला हव्या होत्या. ग्रंथपालांच्या मते पुढचा माणूस उतरवताना पहिल्यांदा शंकाचिन्हच गाळतो.

बाद झालेल्या ७४ नोंदी फेकल्या नाहीत. बाद करण्याच्या कारणासह त्या एका फायलीत वाचनालयाच्या कपाटात आहेत. प्रकाशनानंतर काही आठवड्यांनी परळच्या एका घरातून १९४४च्या एका कार्यक्रमाचे छापील हस्तपत्रक आले. त्यावर तारीख होती, वार होता, आणि दोन्ही जुळत होते. फायलीतली एक लाल नोंद दुसऱ्या आवृत्तीसाठी बाहेर काढली गेली.